बिनवायरच्या मशीनची उपसमिती

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या इमारतीच्या गेटमधून एक माणूस आत येतोय. खांद्यावर खाकी पिशवी, चपलांवर धूळ आणि कानामागे पेन्सिल. पेन्सिल कानामागे दिसली की ओळखावं, हा सुतार. मास्तर पेन्सिल खिशात ठेवतात आणि साहेब लोक दुसऱ्याची मागून घेतात. आता असं समजा, की या सुताराने तुमच्यावर मोठा उपकार केलाय आणि तुम्हाला त्याला भेट द्यायची आहे. त्याला हवं आहे बिनवायरचं ड्रिल मशीन. भिंतीतल्या प्लगशी ज्याचं काही देणंघेणं नाही, ज्याच्या बुडाला बॅटरी बसते, ते. कसं निवडाल? घाई नको, सावकाश विचार करा. मोशीच्या इंद्रनील हाइट्समधली मोठी माणसं याच प्रश्नावर अठरा दिवस विचार करत होती, आणि ती सगळी शिकलेली होती.

उपकार झाला तो असा. इंद्रनीलच्या चौथ्या मजल्यावर दिव्या राहते. पाचवीत आहे, अक्षर छापल्यासारखं. तिचा बाप प्रज्वल हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जातो. त्याने दाराला एक शहाणं कुलूप बसवलं होतं. किल्ली नको, बोट लावलं की उघडतं, मोबाइलवरून उघडतं, आपण नसताना कोण येऊन गेलं तेही सांगतं. एका शनिवारी सकाळी त्या शहाण्या कुलपाच्या बॅटरीने मान टाकली. आईबाप भाजी घेऊन आलेले बाहेर, दिव्या आत, आणि पावणेदहाला तिची गणिताची घटक चाचणी. प्रज्वलने कुलपाच्या कंपनीला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची बाई सांगू लागली, की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हे ती पंचवीस मिनिटं सांगत होती.

तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या कपाटाची बिजागरी बसवायला आलेला ज्योतीराम सुतार आरडाओरडा ऐकून वर आला. त्याने शेजारच्या घरातून वायर ओढली, ड्रिल कुलपाला लावलं आणि दाराला तोंड लावून ओरडला, "लेकी, दारापासून लांब हो, आन पाढे म्हण! भ्या वाटत न्हाई मग."

दिव्याने सतराचा पाढा संपवून अठराचा घेतला, तेव्हा कुलूप खाली पडलं. त्याच क्षणी ज्योतीरामच्या मशीनमधून निळा धूर निघाला. दिव्या पेपरला वेळेवर पोचली. मशीन पुन्हा कुठेच पोचलं नाही.

"जाऊ द्या," ज्योतीराम म्हणाला. "म्हातारं झालं व्हतं. उद्या चिंचवडला जाऊन बिनवायरचं घेणारच व्हतो. चाकणला कामगारांच्या वसतिगृहाचं काम मिळालंय. शंभर कपाटं, तीन महिन्यांचं काम. पर बिल्डिंगीत अजून लाइट न्हाई. ठेकेदार चिमाजी म्हणला, दसऱ्यानंतरच्या सोमवारी बिनवायरचं मशीन घेऊन ये, न्हाई तर दुसरा सुतार बघतो."

प्रज्वलने ज्योतीरामचे दोन्ही हात धरले. "काका, तुम्ही काही घ्यायचं नाही. आता ते मशीन आम्ही देणार!"

आता बघा, गोष्ट इथेच संपायला हवी होती. चिंचवडचं दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. पण चांगलं काम एकट्याने गुपचूप उरकून टाकणं आपल्याकडे बरं दिसत नाही. प्रज्वलने लिफ्टमध्ये ही हकिकत कुसुमताईंना सांगितली. कुसुमताई म्हणजे सोसायटीच्या अध्यक्ष. त्या म्हणाल्या, "एकट्याने कशाला? सगळ्या सोसायटीतर्फे देऊ की! खंडेनवमीला देऊ. हत्यारांच्या पूजेला हत्याराची भेट. फोटो काय येतील!" लिफ्ट चौथ्या मजल्यावरून तळमजल्याला पोचेपर्यंत एका साध्या इच्छेची उपसमिती झाली होती.

उपसमितीत चौघे. अध्यक्ष कुसुमताई, तांत्रिक सदस्य प्रज्वल. निमंत्रक लक्ष्मणराव; हे पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटी खात्यात होते आणि अजूनही घरी आलेल्या पालकाच्या जुडीवर 'स्वीकृत' अशी चिठ्ठी लावल्याशिवाय ती चुलीजवळ जाऊ देत नाहीत. चौथे नानासाहेब. ही इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे, ते. त्यांना प्रत्येक समितीत घ्यावं लागतं, कारण ते न बोलावताही येतात आणि आपल्याच ज्वारीत बसल्यासारखे ऐसपैस बसतात. बैठकीत कोण काय बोललं याची नोंद, म्हणजे इतिवृत्त, लिहायला दिव्याला बसवलं. मोठ्या माणसांना टाइप छान करता येत होतं, पण हाताने मराठीच्या सलग दोन ओळी लिहायची त्यांची सवय मोडली होती.

पहिली बैठक रविवारी सकाळी क्लबहाउसात भरली.

"मशीन विकत घेणं सोपं असतं," लक्ष्मणराव म्हणाले. "अवघड असतं ते निवडणं. कारखान्यात आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो, म्हणजे मूळ कारण हाती लागतं. बोला, भेट का द्यायची?"

"त्याचं मशीन जळलं म्हणून," कुसुमताई म्हणाल्या.

"का जळलं?"

"कुलूप फोडलं म्हणून."

"का फोडलं?"

"उघडत नव्हतं म्हणून."

"का उघडत नव्हतं?"

"बॅटरी संपली होती," प्रज्वल हळूच म्हणाला.

"का संपली?"

दिव्याने वहीत लिहिलं : मूळ कारण, पप्पा.

"ए, ते खोड," प्रज्वल म्हणाला.

"इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "पुढचा विषय."

पुढचा विषय नानासाहेबांनी काढला. "त्यो ज्योतीराम तर आज मशीन आणाया निघालाय. आत्ता गेटावं भेटला मला."

उपसमितीत एकदम धांदल उडाली. त्याने मशीन घेतलं, तर आपण काय देणार? आणि आपण काही दिलं नाही, तर उपसमितीचं काय? पाच मिनिटांत पत्र तयार झालं. लक्ष्मणरावांनी सांगितलं, दिव्याने लिहिलं :

'श्री. ज्योतीराम सुतार यांस. आपणांस सोसायटीतर्फे भेट देण्याचे योजिले असून सदर भेट आपणांस अनपेक्षित आहे, याची नोंद घ्यावी. भेट मिळेपर्यंत आपण स्वतः मशीन खरेदी करू नये. केल्यास भेटीचा हेतू निष्फळ ठरेल. तसेच खंडेनवमीस सायंकाळी साडेपाच वाजता आश्चर्यचकित होण्यासाठी वेळेवर उपस्थित राहावे.'

वॉचमन सनीने ज्योतीरामला गेटवरून आत आणलं. त्याने पत्र दोनदा वाचलं.

"साहेब, मला आश्चर्य कशाचं वाटून घ्यायचंय?"

"ते गोपनीय आहे."

"मशीनच ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमच्याच कागदात हाय की."

लक्ष्मणरावांनी दिव्याकडे पाहिलं. दिव्याने वहीकडे पाहिलं.

"मग एक सांगू का?" ज्योतीराम म्हणाला. "जरा हलकं बघा. छताजवळ फळी मारायची तर हात वर धरून..."

लक्ष्मणरावांनी तळहात उंचावला. "लाभार्थ्याने निवडीवर प्रभाव टाकायचा नाही. हितसंबंध येतात त्यात."

"कुणाचे?"

"तुमचे."

"पर मशीन मलाच द्यायचंय न्हवं?"

"म्हणून तर."

ज्योतीरामने पत्राखाली सही केली. त्याचं निम्मं काम याच इमारतीत होतं. कुणाची कडी, कुणाचा ड्रॉवर, कुणाच्या देवघराची घंटा. नव्वद घरांच्या मायेला नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं. तोवर बारीकसारीक कामं त्याने हाताने फिरवायच्या ड्रिलवर ओढली आणि मोठी सोडून दिली.

दुसरी बैठक पुढच्या रविवारी. प्रज्वलने भिंतीवर एक तक्ता झळकवला. एकेचाळीस मशीनं, सव्वीस रकाने. यासाठी तो आठवडाभर ऑफिसच्या बसमध्ये व्हिडिओ पाहत होता. त्यांत परदेशातले गोरे दाढीवाले लोक मोठमोठ्या ओंडक्यांना भोकं पाडत होते. भोकांचं पुढे काय करायचं, ते कुणी सांगत नव्हतं.

"या मशीनला ब्लूटूथ आहे," प्रज्वल म्हणाला.

"ड्रिलला ब्लूटूथ कशाला?" कुसुमताईंनी विचारलं.

"हरवलं तर मोबाइलवर सापडतं."

"आन सुतार हरवला तर?" नानासाहेब म्हणाले. "आवो, हे असलं चिमणीयेवढं काय देताय? मानाचं काम हाय. मोठ्ठं घ्या. रस्ता फोडत्यात तसलं. दोघांनी उचलून आनलं पायजे, मग त्येला म्हणत्यात सत्कार!"

"त्याला कपाटं करायची आहेत, नाना."

"कपाटं झाली की रस्ता फोडंल. आमच्या मोशीत रस्ते काय कमी फोडत्यात व्हय?"

कुसुमताईंचा मुद्दा वेगळा होता. पिवळं मशीन घेऊ नये, कारण खंडेनवमीच्या झेंडूत ते दिसणारच नाही. हिरवं आंब्याच्या पानांत हरवेल. लाल नको, लाल रंग त्यांच्या साडीचा होता. राहिला निळा. अशा रीतीने एकेचाळिसातली तेहतीस मशीनं तांत्रिक चर्चेविना बाद झाली आणि निवड सुकर झाली.

दिव्याने हात वर केला. "हलकं पाहिजे, असं ज्योतीकाका म्हणाले होते."

"ते इतिवृत्तात आहे का?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"नाही. तुम्ही मध्येच हात वर केलात, म्हणून वाक्य अर्धं राहिलं. अर्धं वाक्य कसं लिहायचं?"

"बरोबर. जे इतिवृत्तात नाही, ते घडलेलं नाही."

मग प्रज्वलने महत्त्वाची गोष्ट सांगितली. मशीन, बॅटरी आणि चार्जर या तीन वेगवेगळ्या वस्तू म्हणूनही मिळतात. लक्ष्मणरावांचे डोळे चमकले. "वा! मग एकाच कंपनीवर विसंबून राहायचं कारणच नाही. तिन्हींच्या तीन याद्या करा. प्रत्येक यादीतला पहिला नंबर उचला." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मशीन एका कंपनीचं, बॅटरी दुसरीची, चार्जर तिसरीचा. तिन्ही आपापल्या वर्गात पहिले आलेले.

वस्तू खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आल्या. क्लबहाउसच्या टेबलावर खोके उघडले. मशीन निळंशार होतं. बॅटरी दणकट होती. चार्जरवर हिरवा दिवा लुकलुकत होता. अडचण एकच होती. बॅटरी मशीनमध्ये जाईना आणि चार्जरवरही बसेना. प्रज्वलने ती उलटी करून पाहिली, लक्ष्मणरावांनी तिच्या खाचा मोजल्या, कुसुमताईंनी तिला समजावून पाहिलं.

नानासाहेब खो खो हसले. "आमच्या तीन पोरांवानी झालं हे. येकेकटा हिरा हाय, पर येका ताटात बसायचा न्हाई!"

"परत पाठवू या," प्रज्वल म्हणाला.

"सात दिवस लागतील. कार्यक्रम उद्या आहे. पत्रिका गेल्या आहेत." कुसुमताई घाबऱ्या झाल्या.

"कुणी घाबरायचं नाही," लक्ष्मणराव म्हणाले आणि त्यांनी खिशातून तपासणीचा कागद काढला. "माल आला की तपासणी करायची, मग पुढचं. तपासल्याशिवाय वस्तू लाभार्थ्याच्या हाती देणं म्हणजे फसवणूक." कागदावर अकरा तपासण्या होत्या. नऊंसाठी मशीन चालू असावं लागत होतं, त्या बाजूला ठेवाव्या लागल्या. दहावी रंगाची. निळा, स्वीकृत. अकरावी होती उंचावरून पाडून पाहण्याची.

"सुतार शिडीवर चढतो," लक्ष्मणराव समजावून सांगू लागले. "हातून मशीन निसटू शकतं. शिडी दोन मीटर. सुरक्षिततेसाठी तिप्पट धरायचं. सहा मीटर. म्हणजे दुसऱ्या मजल्याची गॅलरी. नमुने पाडून बघायचे, सगळे नमुने टिकले तर माल पास. माल किती आहे?"

"एक नग," दिव्या म्हणाली.

"नमुना किती घ्यायचा?"

दिव्याने बोटं मोजली. मोजायला एकच बोट लागलं. "एक. पण आजोबा, पडून फुटलं तर?"

लक्ष्मणराव तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माणूस प्रेमळ होता, यात शंका नाही. "तर बरंच झालं म्हणायचं, बाळ. उद्या ते ज्योतीरामच्या हातून पडून फुटलं असतं, तर त्या गरिबाला किती वाईट वाटलं असतं!"

पाच मिनिटांनी दिव्याने इतिवृत्तात लिहिलं : 'नमुना दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. खाली आल्यावर चार नमुने झाले. निष्कर्ष : नापास. दोष भेट देण्याआधीच लक्षात आल्याने लाभार्थ्याचे संभाव्य नुकसान टळले. लक्ष्मणरावांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने संमत.'

खंडेनवमीचा कार्यक्रम मात्र दृष्ट लागण्यासारखा झाला. पाटावर निळा खोका, भोवती झेंडू, समया, समोर नव्वद घरांतली माणसं. ज्योतीराम पाच वाजून वीस मिनिटांनीच धुतलेला सदरा घालून हजर होता; पत्रात वेळेवर लिहिलं होतं ना. कुसुमताईंनी त्याच्या अंगावर शाल घातली, श्रीफळ दिलं. नानासाहेब म्हणाले, की ह्यो सुतार न्हाई, आमच्या इमारतीचा पाचवा खांब हाय. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा आश्चर्य दाखवा." ज्योतीरामने दाखवलं. "अजून थोडं." त्याने भुवया आणखी वर नेल्या. मग त्याने खोका उघडला. आत चार तुकडे होते आणि त्यांना लाल चिठ्ठी बांधलेली होती : नापास. त्या क्षणाचा फोटो सगळ्यांत चांगला आला.

लक्ष्मणरावांनी त्याला बाजूला घेऊन सगळं नीट समजावलं. दुसऱ्या खरेदीची प्रक्रिया सुरू झाली आहे, दिवाळीपर्यंत नक्की.

"पर सोमवारी मला चाकणला..." ज्योतीराम म्हणाला. "साहेब, मग मी माझंच बघू का कुठंतरी?"

"प्रक्रिया चालू असताना? छे! ते पत्र अजून लागू आहे."

खरं तर पत्राची गरजही उरली नव्हती. अठरा दिवस मोठं काम नाही म्हटल्यावर, मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे घरखर्चात केव्हाच गेले होते. हे ज्योतीराम बोलला नाही. तो नुसता हातातला नारळ गोल गोल फिरवत उभा राहिला. सगळे चहाकडे गेले. त्याच्याकडे दिव्याच पाहत होती. तिने वही उघडली.

"आजोबा, हे लिहू का?"

"काय?"

"ज्योतीकाका काहीच बोलले नाहीत, हे."

लक्ष्मणरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "नको. कार्यक्रम शांततेत पार पडला, असं लिही."

दुसऱ्या दिवशी दसरा. दिव्या नवा फ्रॉक घालून मोठ्या माणसांना सोनं द्यायला निघाली. आपट्याचं पान हातात ठेवायचं, पाया पडायचं, पेढा घ्यायचा. आता हे लक्ष देऊन ऐका.

लक्ष्मणरावांच्या घरी पाटावर हत्यारांची पूजा मांडली होती. अडकित्ता, इंचटेप, आणि मधोमध एक बिनवायरचं ड्रिल मशीन. मुलाने पाठवलेलं. त्याच्या अंगावर दर सहा महिन्यांनी चिकटवलेल्या सात चिठ्ठ्या होत्या, सगळ्यांवर 'तपासले, उत्तम'. भोक पाडायच्या पात्याच्या टोकावरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कुसुमताईंकडे जावयाने दिलेलं मशीन होतं. धूळ बसू नये म्हणून त्याला लोकरीचं विणलेलं झबलं घातलं होतं. नानासाहेबांकडे तीन होती, एका ओळीत. तीन पोरं, भांडण नको म्हणून तीन. "वापरतं कोण, आजोबा?" दिव्याने विचारलं. "वापरायचं कशाला? हाय घरात," नानासाहेब म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातावर दोन पेढे ठेवले.

दिव्या घरी आली. तिच्याही घरी पाटावर लॅपटॉपशेजारी एक काळी पेटी उघडी होती. आत मशीन, बॅटरी, चार्जर, सगळं एकाच कंपनीचं, एकमेकांत बसणारं, आणि एकशे आठ पाती. दोन वर्षांपूर्वीच्या सेलमध्ये पप्पांनी घेतलेलं. घरातल्या फळ्या स्वतः लावायच्या, असं ठरलं होतं. फळ्या ज्योतीकाकांनी लावल्या. मशीनवर हळदकुंकू होतं, वर आपट्याचं पान. आई म्हणत होती, "झाली ना पूजा? ठेवा आता वर माळ्यावर."

तर मुलांनो, सहा झाली. एका उपसमितीत सहा. तुम्ही हसताय, हसा. मी फक्त तुमच्या घरातल्या माळ्याकडे बघतोय. काही बोलत नाही.

तेवढ्यात गॅलरीतून दिव्याला गेटवर ज्योतीराम दिसला. तो सनीला सोनं द्यायला थांबला होता. ती धावत खाली गेली.

"काका, सोमवारचं काय झालं?"

"काय व्हायचंय, लेकी. आज चिमाजीकडं सोनं द्यायला चाललोय. तवाच सांगतो, दुसरा सुतार बघ म्हणून."

"सांगू नका. इथेच बसा. पाऊण तास."

"पाऊण तास कशाला?"

"चार्ज व्हायला," दिव्या म्हणाली आणि पळाली.

विचारल्याशिवाय घरातली वस्तू कुणाला देऊ नये, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. दिव्यालाही शिकवलं होतं. म्हणून तिने विचारलं. कंपनीला काम देणाऱ्या जर्मनीच्या लोकांना दसरा नसतो, त्यामुळे पप्पा खोलीत मीटिंगमध्ये होते, कानांवर हेडफोन. दिव्या समोर उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "पप्पा, आपलं ड्रिल मशीन ज्योतीकाकांना देऊ? देऊ असं तुम्हीच त्यांना म्हणाला होतात." पप्पांनी पडद्यावरची नजर न काढता अंगठा वर केला. ते रोज दिवसभर अशाच अंगठ्यावर मोठमोठे निर्णय घेतात आणि कंपनी त्यांना त्याचा पगार देते. दिव्याने तो अंगठा पुरेसा मानला.

बरोबर पाऊण तासाने ती पेटी घेऊन गेटवर आली. ज्योतीरामने मशीन उचललं, हात छताला टेकवायचा असावा तसा वर धरला आणि बटण दाबलं. घर्रर्र आवाज झाला. पात्यावरचं हळदकुंकू उडून त्याच्या नाकावर बसलं. तो हसला, आणि मग घाईघाईने तोंड फिरवून त्याने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. फक्त नाकच पुसलं असं सनी सांगतो.

"लेकी, शंभर कपाटं झाली की आणून देतो," तो म्हणाला.

"थांबा, थांबा," सनी म्हणाला. "वस्तू बाहेर चालली तर वहीत नोंद पायजे. लक्ष्मणरावांचा नियम आहे." त्याने जाड वही पुढे केली. "दिव्या, तूच लिही. माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

दिव्याने लिहिलं. वस्तू : ड्रिल मशीन, पेटीसह. कोणाची : फ्लॅट ४०३. कोण नेत आहे : ज्योतीकाका. शेवटचा रकाना होता, 'वस्तू बाहेर नेण्याचे कारण'. काय लिहायचं ते कळावं म्हणून तिने मागची पानं चाळली. दुरुस्तीला. बदलून घ्यायला. नवी आणली म्हणून. कंपनीला परत. विकायला. अडगळ. गावी माळ्यावर ठेवायला. पानामागून पानं उलटली, नव्वद घरांतून चार वर्षांत गेलेल्या वस्तू, पण तिला हवं असलेलं कारण कुणीच लिहिलेलं सापडेना.

मग तिने स्वतःच लिहिलं : वापरायला.

"बरोबर लिहिलंय का, सनीदादा?"

"शुद्ध आहे," सनी म्हणाला. "पण असं कुणी लिहीत नाही गं."

"मग खाली पाच ओळी रिकाम्या ठेव. पाच मशीनं अजून पाटावरच आहेत," दिव्या म्हणाली. ती लिफ्टमध्ये गेली आणि तिने सगळ्यांत वरच्या मजल्याचं बटण दाबलं. वरून एकेक मजला उतरत आलं की एकही दार सुटत नाही. तुमचंसुद्धा.